सात किलोमीटर सहाशे सत्तर मीटर

मोजणीदारांनी तो आकडा शुक्रवारी वहीत लिहिला होता, आणि रविवारी सकाळचे साडेनऊ वाजले तरी घरात कुणाला सांगितला नव्हता. वेळ मिळाला नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. पटलं नाही. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. 'तुमचं कुंपण शेजाऱ्याच्या जागेत तीन फूट शिरलंय' हे काठ्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांना सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. पण ती परकी माणसं होती. सांगायचं, सही घ्यायची, चालू लागायचं. संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर जेवायला बसायचं नसायचं.

तळ्याभोवतीचा रस्ता मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सुनेला बरं वाटावं म्हणून ते आपण होऊन गेले होते. गेले तीन महिने ती, तिचा नवरा आणि तिची नणंद असे तिघं त्या रस्त्यावर सायकलींचा सराव करत होते. एक फेरी दहा किलोमीटरची. दर किलोमीटरला रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवला तर दमलेल्या जिवाला तेवढाच आधार, एवढाच त्यांचा विचार. म्हणून माळ्यावरून मोजचाक काढलं, त्याच्या आसाला तेल दिलं आणि तळ्याच्या फाटकापासून चालायला लागले. फेरी संपवून पुन्हा फाटकाशी आले तेव्हा चाकाच्या डबीत आकडा होता सात किलोमीटर सहाशे सत्तर मीटर. चुकलं असेल आपलंच, म्हणून एक केळं खाऊन ते उलट दिशेने पुन्हा फिरले. सात किलोमीटर सहाशे त्र्याहत्तर. तीन मीटर वळणावर इकडेतिकडे होतात. सव्वादोन किलोमीटर होत नाहीत.

वय चौऱ्याहत्तर. त्या रात्री गुडघे शेकत बसले तेव्हा सुनेनेच पिशवीत गरम पाणी भरून दिलं आणि विचारलं, "कुठे एवढे हिंडलात, बाबा?"

"असंच," ते म्हणाले होते.

आता ते घराच्या पुढच्या खोलीत आले. तिथे त्यांच्या मुलाचं कुलपांचं दुकान होतं. रविवारी दुकान बंद असे, पण मुलगा आत असेच. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आणि मध्ये हा, पोटावरून टीशर्ट खाली ओढत, एका तिजोरीच्या दाराला कान लावून बसलेला.

"तिच्या सायकलला मीटर तू बसवलंस ना?" मोजणीदारांनी विचारलं.

"हो. माझंच काढून लावलं. का, बंद पडलं?"

"बसवताना त्यात चाकाचं माप घातलंस?"

"कसलं माप?"

"चाकाचा एक वेढा झाला की किती अंतर होतं, ते."

कुलूपवाल्याने कान तिजोरीवरून काढला. "बाबा, दोन स्क्रू आणि एक वायर. त्याला काय कागद वाचत बसायचं?" हे वाक्य त्या घरात नवं नव्हतं. कपडे धुण्याचं यंत्र, पाणी तापवायचा बंब, त्याच्या मुलीच्या, खारूच्या, चाकांच्या खुर्चीचा ब्रेक, सगळं याच वाक्यावर चालू झालं होतं आणि बहुतेक वेळा चाललंही होतं.

मोजणीदारांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने वाचलं. मग आपल्या उंच सायकलीकडे पाहिलं. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोच्या सायकलीकडे पाहिलं. तिची चाकं लहान होती. ती छत्तिसाव्या वर्षी सायकल शिकली होती आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशीच सायकल हवी म्हणून अडून बसली होती.

"माझा वेढा दोन मीटर दहाचा," तो हळूहळू म्हणाला.

"तिचा एक मीटर एकसष्ट. मी दोरीने मोजला."

"म्हणजे मागच्या रविवारी आपण साठ किलोमीटर केले म्हणून आइस्क्रीम खाल्लं, ते..."

"शेहेचाळीस."

"नुसते शेहेचाळीस?"

"शेहेचाळीस पूर्णांक शून्य दोन."

"ते शून्य दोन तरी सोडू नका, बाबा," असं म्हणून तो स्टुलावर बसला.

मग कुलूपवाल्याच्या डोक्यात काहीतरी फिरलं. "सांगायचं नाही. मी रोज थोडंथोडं माप कमी करत जातो. तिला वाटेल, साठ किलोमीटरला वेळ जास्त लागतोय. रस्ता लांबला असेल म्हणू."

"रस्ता लांबतो?"

"उन्हाने लोखंड लांबतं की."

"डांबराचा आहे तो."

"तिला कुठे माहितीय?"

"तिला माहितीय," दारातून आवाज आला. "दातांच्या कवळ्या बनवते ती. कुठली वस्तू किती आकसते नि किती फुगते ते तुझ्या सात पिढ्यांपेक्षा जास्त कळतं तिला. आणि मलाही कानाने चांगलं ऐकू येतं, भावड्या."

दारात ताई उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात सायकलफेरीचा फॉर्म.

*

ताई शाळेची बस चालवायची. बावीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, हे तिने ज्याला कधी सांगितलं नाही असा माणूस त्या गल्लीत नव्हता. बसमध्ये तिचे नियम होते: उभं राहायचं नाही, खिडकीतून हात काढायचा नाही, फोन दप्तरात. सायकलींच्या सरावाची सूत्रं तिच्याकडे आली तेव्हा नियमही आले. फोन घरी राहायचे. त्यामुळे तीन माणसांच्या तीन महिन्यांच्या सरावात अंतर सांगणारी एकच वस्तू होती, आणि ती तिच्या भावाने बसवलेली होती. हे आधीच तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. म्हणून ती भावावर ओरडली.

ओरडून झाल्यावर तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात आणलं. घरातले निर्णय त्याच टेबलावर होत. आई होती तेव्हापासूनची पद्धत: प्रश्न मांडायचा, ज्याला जे पटेल त्या वेळी चमचा वर करायचा. दहा वर्षांखालच्यांना अर्धं मत. मोजणीदार दर वेळी तटस्थ.

"आज संध्याकाळी सहापर्यंत हा पाठवायचाय," ताईने फॉर्म टेबलावर थापटला. "सायकलफेरी तीन आठवड्यांवर आलीय. ऐंशीच्या रस्त्याला जायचं तर पूर्ण चमूने एका दमात साठ किलोमीटर केलेत, असं लिहून खाली माझी सही. नाही तर तीसच्या रस्त्याला जा. तीस काय वाईट आहे? तळं तेवढंच दिसतं, टाळ्या तेवढ्याच पडतात. खारूच्या उपचार केंद्रातल्या पाण्याच्या हौदाला मदत तेवढीच होते. मी पहिल्यापासून तीस म्हणत होते."

हे खरं होतं. खारूला जो आजार होता त्याचं नाव पाच शब्दांचं होतं आणि घरात ते कुणी पूर्ण म्हणत नसे. सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. पाहुणा स्नायूंत मुक्काम ठोकून बसला होता. पायांना पट्ट्या लावल्या की खारू खोलीभर चालायची, त्यापुढे खुर्ची. पण कोमट पाण्यात छातीपर्यंत उभी केली की ती पट्ट्यांशिवाय चालायची, आणि असा हौद केंद्राला हवा होता. त्यासाठी ही फेरी. आजारी मुलांच्या घरच्यांनी चमू करून यायचं. मार्चच्या त्या रविवारी याच टेबलावर ऐंशी की तीस असं मत झालं, तेव्हा सुनेने सगळ्यांआधी ऐंशीसाठी चमचा वर केला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं. ताईला ते आठवलं आणि तिने फॉर्मवरचा हात काढला.

"तिला वाटतंय ना की तिने साठ केले," कुलूपवाला म्हणाला. "मग तिच्याकडून ऐंशीही होतील. हे सगळं डोक्यात असतं गं."

"पिंडऱ्यांत असतं. ज्यांना सांगू नये असं वाटतं त्यांनी चमचा वर करा."

कुलूपवाल्याने वर केला. मग दुसऱ्या हातानेही एक केला.

"एकच!"

"हा बाबांचा."

"मी तटस्थ आहे," मोजणीदार पुटपुटले.

तेवढ्यात दाराशी टकटक झाली आणि खारू तिची चालायची चौकट पुढे सरकवत आत आली. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, नाव त्यावरूनच पडलेलं. खुर्चीत बसली, चमचा शोधला. "कशावर आहे?"

"मोठ्यांचं आहे," ताई म्हणाली.

"मीटर चुकीचं आहे त्याच्यावर?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एका फेरीत एकशे त्रेपन्न दिव्याचे खांब येतात," खारू म्हणाली. सरावाला ती आत्याच्या सायकलमागच्या दोन चाकी गाड्यात बसे, उलट्या तोंडाने, मागून येणाऱ्या आईकडे पाहत. "आजोबांनी सांगितलं होतं, दोन खांबांत पन्नास मीटर. दहा किलोमीटरला दोनशे खांब पाहिजेत. मी सारखे मोजले. दोनशे होतच नाहीत."

"मग बोलली का नाहीस?" ताईचा आवाज चढला.

"आई पाचव्या फेरीत शिव्या देते. तोंडातल्या तोंडात, पण मला कळतात. आणि सहाव्या फेरीत हसते. मग कशाला सांगायचं?"

कुलूपवाल्याने चमचा तसाच वर धरून डोळे पुसले. "बघ. पावणेदोन मतं."

"दीड होतात, बाबा."

*

सून अंगणात साखळीला तेल देत होती. स्वयंपाकघरातला आवाज एकदम थांबला, तेव्हा तिचा हातही थांबला.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी, आजाराचं नाव कळल्यानंतर चार महिने ती जिथे जाई तिथे अशी शांतता आधी येऊन बसलेली असे. ती तेव्हा काही विचारत नव्हती, हे तिला मान्य होतं. प्रयोगशाळेत जायची, मेणाचे दात मांडायची, घरी यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. रिपोर्ट ताईंनी आणले, डॉक्टर ताईंनी गाठले, पट्ट्यांची मापं नवऱ्याने दिली. सगळ्यांनी सगळं नीट केलं. तिला सांभाळलं. कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. आणि त्या चार महिन्यांत या टेबलावर किती चमचे वर झाले, कशाकशासाठी झाले, ते तिला अजून माहीत नव्हतं.

ती तेलकट हात पुसत आत आली. नवऱ्याचा चमचा हवेत होता. मुलीचाही.

"कशावर मत चाललंय?"

"नाश्त्याचं," नवरा म्हणाला. "आम्लेट की उकडलेली."

"आणि फॉर्म कशाला काढलाय? अंड्यांवर सही घ्यायची आहे?"

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. ती असं करत नसे. सुनेने एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी सासऱ्यांकडे. मोजणीदार टेबलावरच्या भेगेकडे पाहत होते. मग त्यांनी खिशातून वही काढली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि वही उघडून तिच्याकडे सरकवली.

"सूनबाई, मी शुक्रवारी मोजलं," ते म्हणाले. "दोनदा. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

ती उभ्याउभ्या वाचत होती. आकड्यांची तिला भीती नव्हती. कवळी अर्ध्या मिलिमीटरने उंच झाली तरी माणूस जेवू शकत नाही. 'होईल सवय' म्हणून ती कुणाच्या हातात ठेवायची नसते, परत मेण लावायचं असतं. तिने दोन्ही चाकांची मापं पाहिली, भागाकार पाहिला, खाली रेघ मारून लिहिलेला आकडा पाहिला.

"तू कागद वाचला नाहीस," ती नवऱ्याला म्हणाली.

"दोन स्क्रू आणि..."

"एक वायर. माहितीय." तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं होतं, पण ते तिथेच थांबलं. "आणि तुम्ही काय ठरवत होतात? मला सांगायचं की नाही?"

"तुझ्या भल्यासाठीच गं," ताई म्हणाली. "तू एवढी खूश होतीस—"

"त्या वेळीही माझ्या भल्यासाठीच होतं, ताई."

त्या वेळी म्हणजे कुठल्या वेळी, हे खारू सोडून सगळ्यांना कळलं. बहुधा खारूलाही कळलं असावं. तिने चमचा हळूच खाली ठेवला.

"मी रागावले नाहीये," सून म्हणाली. "म्हणजे रागावलेय, पण ते नंतर. साठ करायला किती फेऱ्या लागतात, बाबा?"

"आठ. आठ फेऱ्यांचे एकसष्ट किलोमीटर आणि वर थोडं."

"आता वाजलेत किती?"

"अगं कवळीबाई, ऊन बघ!" ताई म्हणाली. "सहा फेऱ्यांनी तुझा जीव जातो. तीसचा फॉर्म भरू, पुढच्या वर्षी ऐंशी. सांगते ते ऐक."

"आजवर तुमचं ऐकतच आलेय मी. दहा वाजलेत. सहाला फॉर्म. येणार असाल तर या, नाही तर मी एकटी जाते. पण चमूने करायचे आहेत म्हणे."

कुलूपवाला उठला. "आधी मीटर नीट करतो."

"हात लावू नकोस त्याला," दोन बायका एकदम म्हणाल्या.

*

पहिल्या चार फेऱ्या बिनबोभाट झाल्या. पुढे कुलूपवाला, मग ताई, तिच्यामागे गाड्यात खारू आणि शेवटी सून. हाच क्रम होता नेहमी. मोजणीदार फाटकाजवळच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या, केळी आणि वही घेऊन बसले होते. प्रत्येक फेरीला उभे राहत आणि मोठ्याने आकडा सांगत. त्यांचा मोठ्याने म्हणजे इतरांचा साधा आवाज.

"तेवीस किलोमीटर दहा मीटर!"

"दहा मीटर कशाला सांगता, बाबा?" कुलूपवाला धापा टाकत ओरडला.

"झालेत म्हणून!"

पाचव्या फेरीत खारूने आईकडे पाहिलं आणि कान टवकारले. आईच्या ओठांची हालचाल सुरू झाली होती. आजच्या शिव्या जरा नव्या होत्या. त्यात मीटर होतं, दोन स्क्रू होते, आणि एक वायर होती.

सहाव्या फेरीनंतर बाकाशी थांबायची सवय होती. पायांनाही ती सवय झालेली. तिघं आपोआप मंदावली. मोजणीदार उभे राहिले. "शेहेचाळीस पूर्णांक..." एवढं म्हणून ते थांबले, कारण सून न थांबता पुढे गेली आणि बाकीची दोघंही तिच्यामागे निघाली. तिला वाटलं होतं, इथून पुढे काहीतरी निराळं लागेल, भिंत वगैरे. तसं काही नव्हतं. तोच रस्ता, तोच कठडा, तेच बगळे. फक्त तो रस्ता तिने इतक्या दमलेल्या डोळ्यांनी आधी पाहिला नव्हता.

सातव्या फेरीच्या मध्यावर गाडा अचानक थांबला. ताई सायकलवरून उतरली नाही, ओघळली. पिंडरीला घट्ट गोळा आला होता आणि तिच्या तोंडून बसमध्ये कधी चालला नसता असा शब्द निघाला.

"आत्या!" खारू खूश होऊन म्हणाली.

कुलूपवाला कठड्याला टेकून बसला आणि त्याने हात वर केले. "मला काही विचारू नका. मी पाचव्या फेरीलाच मेलोय, फक्त तुम्हाला कळवलं नव्हतं."

ताई रस्त्याच्या कडेला पाय लांब करून बसली. सून मागे वळून आली, तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचा बूट काढला आणि तळवा आपल्या पोटाशी टेकवून बोटं मागे दाबली. ताई ओरडली. मग हळूहळू तिचा श्वास खाली आला.

"साठ मीही केलेच नव्हते," ताई म्हणाली. जणू हे तिला आत्ता कळत होतं. "आम्ही सगळे तुझंच बघत बसलो. तू करशील का, तुला झेपेल का. माझे शेहेचाळीसच होते की."

"माझेही," कुलूपवाला म्हणाला.

"तुझे तर होते की नव्हते याचीच मला शंका आहे."

"गाडा माझ्या सायकलला लावता येईल?" सुनेने नवऱ्याला विचारलं.

ताईने मान वर केली. पोर आणि गाडा मिळून चाळीस किलो. चढ एक, पण लांब. 'नको' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने सुनेकडे पाहिलं. चेहरा उन्हाने लाल, केस हेल्मेटखालून चिकटलेले, आणि पाय मात्र स्थिर. तीन महिने सगळ्यांच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला चाललेली ही बाई या क्षणी तिघांत सर्वांत कमी दमलेली होती. हे दिसत होतं. ताई बावीस वर्षं रस्ता बघून गाडी चालवत आली होती; दिसतं ते नाकारायची तिला सवय नव्हती.

"ब्रेक आधी मागचा दाबायचा," ती म्हणाली. "उतारावर गाडा ढकलतो."

कुलूपवाल्याने खिशातला पाना काढून दोन मिनिटांत जोड बदलला. या कामाला कागद नव्हताच.

निघाल्यावर सुनेला पहिल्यांदा जाणवलं की तिला मुलीचा चेहरा दिसत नाहीये. इतके दिवस तो समोर असे, आणि ती त्याच्याकडे पाहून पाय मारत असे. आता समोर मोकळा रस्ता होता आणि मागे नुसतं वजन. वजन जिवंत होतं. चढावर ते मागे ओढत होतं आणि खांब मोजत होतं.

"एकशे वीस! आई, आत्या खूप मागे आहे."

"येतेय ना?"

"येतेय. बाबाही येतोय. तोंड उघडं आहे त्याचं."

"मिटायला सांग, माशी जाईल."

सातवी फेरी संपली, आठवी लागली. आठव्या फेरीत चढावर सुनेची मांडी थरथरायला लागली. ती उतरली नाही. अगदी हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पायडलवर उभी राहून चढत राहिली. एक म्हातारं जोडपं फिरायला निघालं होतं, ते बाजूने पुढे निघून गेलं. खारूने त्यांना हात केला.

फाटकाशी मोजणीदार रस्त्याच्या मधोमध उभे होते, त्यामुळे तिला जोरात ब्रेक दाबावा लागला. त्यांच्या हातात वही होती, पण आकडा त्यांना सांगता येईना. शेवटी खारूनेच सांगितला.

ताई एकोणीस मिनिटांनी आली, कुलूपवाला चोविसाव्या मिनिटाला, आणि त्याला त्या दोघींपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या.

*

पावणेसहाला स्वयंपाकघरात ताईचा पाय गरम पाण्याच्या टबात होता. तिने फॉर्म मांडीवर घेऊन 'चमूने एकत्र पूर्ण केलेले अंतर' या रकान्यात आकडा लिहिला, खाली सही केली, भावाकडे फोटो काढायला दिला आणि तो पाठवल्याची खूण उमटेपर्यंत फोनकडे पाहत राहिली. कुलूपवाला अंडी फोडायला गेला. आम्लेट की उकडलेली, हे कुणी त्याला विचारू दिलं नाही. खारू पुढच्या खोलीत आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि मोजणीदारांनी बहुधा त्याच कारणाने हलायचं नाही असं ठरवलं होतं.

सून आंघोळ करून आली, खुर्ची ओढून ताईसमोर बसली.

"हौदाचं पत्र आलं की मी उघडणार," ती म्हणाली. "केंद्रातून फोन आला की मला द्यायचा. मी भांडी घासत असले तरी."

"बरं."

"आणि आता मला त्या चार महिन्यांचं सांगा. काय काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही इथे काय ठरवलंत. सगळं. गाळू नका."

ताईने टबातल्या पाण्याकडे पाहिलं. पुढच्या खोलीत मोजणीदारांनी मान वळवली. चुलीपाशी अंडं फोडायचा आवाज थांबला. या वेळी शांततेला कुणी बसू दिलं नाही.

"लांबलचक आहे," ताई म्हणाली.

"मला कुठे जायचंय? मला उठताच येत नाहीये."

ताई हसली, मग हसू आवरलं. हातातलं पेन बंद केलं. "पहिला रिपोर्ट आला तो मंगळवार होता. सकाळी फोन आला तेव्हा तू झोपली होतीस, म्हणून मी घेतला."

"मी झोपले नव्हते, ताई," सून म्हणाली. "पुढे सांगा."